काच नंबर अकरा

मेसच्या भिंतीवर रबनवाजची चादर ताणली.
एक कोपरा चिकटेना, एसीच्या वाऱ्यानं हलत राहिला,
त्यामुळे पडद्यावरचं शहर
पहिल्यापासूनच थोडं फडफडत होतं.

रुवैस. सुट्टीच्या आदल्या रात्रीचे दहा.
बाहेर रिफायनरीचा फ्लेअर पेटलेला.
त्याच्या उजेडात आम्ही कपडे वाळत घालतो,
त्याच्याकडे पाठ करून घरी फोन लावतो.

पेनड्राइव्हवर नाव नव्हतं.
तिलबहादुर म्हणाला, मारामारीचा आहे.
साठेक जण बसलो. चटईवर मी, शेजारी रबनवाज,
मचाण बांधणारा, साहिवालचा.
त्यानं भाजलेले चणे दोघांच्या मध्ये ठेवले,
टेप लावून मोजल्यासारखे मध्ये.

एक बाई बाल्कनीत उशीचा अभ्रा झटकत होती.
खाली शाळेची बस.
आणि पडदा पांढरा झाला.

आवाज नाही.
आवाज मागून चालत येतो म्हणे.
तेवढ्यात माझी मान झटक्यानं खाली गेली.
बावीस वर्षांची खोड :
होल्डर पुढे, मान खाली, मुखवटा आपसूक पडतो.
मुखवटा लॉकरमध्ये होता.
मी नुसतीच हवेला ढुशी दिली.

तो पांढरा मला ठाऊक आहे.
दिवसातून चारशे वेळा मीच पेटवतो,
दोन नळ्यांच्या फटीत, टाचणीच्या डोक्याएवढा.
अकरा नंबरच्या काचेतून तो हिरवा दिसतो,
मुगाच्या दाण्यासारखा, गरीब.
उघड्या डोळ्यांनी एकदाच पाहिला, नवा होतो तेव्हा.
रात्रभर पापण्यांखाली वाळू.
इस्माईल परकारनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या,
वर अस्सल दापोलीच्या शिव्या.
सकाळी दिसू लागलं.

त्या बाईच्या डोळ्यांवर बटाटा कोण ठेवणार,
असं मनात आलं.
हसू नका. हेच आलं.

मग पूल दाखवला, पिळलेला.
लोखंड वितळलेलं आणि वेल्ड शाबूत!
खोटं आहे, मी पुटपुटलो, जोड आधी जातो.
केवढं बरं वाटलं.
आणखी चुका शोधत बसलो : धूर, काचा, पाण्याची टाकी.
बसपाशी आलो.
बसमध्ये चूक सापडेना.

नकाशा आला. त्यावर गोल उमटले,
तळ्यात खडा पडावा तसे, एकातून एक.
देशांची नावं लिहिलेली नव्हती.
रबनवाजचा हात चण्यांकडे निघाला होता,
तो चण्यांवरच राहिला.
ती नदी मी त्या हातावरून ओळखली.
नकाशा खाली सरकला. किनारा, खाड्या, दातेरी.
संगमेश्वर एवढ्याशा नकाशात दिसत नाही,
तरी मी पुढे वाकलो.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही त्याच्याकडे.

मागून कोणी म्हणालं, पिक्चर आहे रे.
तिलबहादुर चपला शोधत राहिला,
चपला त्याच्या पायातच होत्या.

मी घरी फोन लावला. तिकडे दोन वाजलेले.
सुलभा घाबरून उठली, काय झालं?
काही नाही.
मग?
मोटारीचं बटन बंद केलंस का, विचारलं.
केलंय, म्हणाली. आणि फोन ठेवला नाही.

खोलीत रबनवाजनं चादरीची घडी घातली,
आणखी एक, आणखी एक,
वहीएवढी झाल्यावर पलंगाखाली सारली
आणि उघड्या गादीवर झोपला.

सुट्टीनंतरची पहिली पाळी.
तो वर मचाणावर, मी खाली, मध्ये आठ इंची पाइप.
आर्क मारण्याआधी ओरडायचा नियम आहे.
ओरडलो, "नजर!"
एरवी तो नुसती मान फिरवतो, विडी ओठात तशीच.
आज कोपर उचलून त्यात तोंड खुपसलं,
दुसरा हात दांडीला घट्ट.

मी थांबलो.
होल्डर हातात, काच डोळ्यांवर, सगळीकडे हिरवा काळोख.
किती वेळ ते फोरमनला विचारा,
त्यानं लिहून ठेवलंय.