स आणि चार चांदण्या

कच्च्याला रंग आणणं हा माझा धंदा.
सावद्याला, स्टेशनच्या रस्त्याला, माझ्या चार खोल्या.
हिरव्या फण्या आत जातात, गॅस सोडतो,
चौथ्या दिवशी पिवळ्या बाहेर.
दार उघडलं की नुसत्या वासावरून सांगतो
कुठला घड भरू दिला होता, कुठला घाईनं कापला.
गिऱ्हाईक विचारत नाही. मीही सांगत नाही.

असा मी, आणि भुललो एका रुपयाला.
एकोणीसशे अठराचा, राजाछाप, तोळाभर,
फोटोत मात्र, काय सांगू,
कडेला जांभळा, आत मोरपंखी,
दाढीपाशी थोडा केशरी,
बाजार समितीच्या गेटाशी डबक्यावर
डिझेलचा थेंब पसरतो, तसा.
खाली लिहिलेलं : नैसर्गिक टोनिंग.
आमच्या घरी याला एकच शब्द, काळवंडणं,
आणि एकच औषध, राख.

रविवार, रात्री पावणेदहा.
मी ओट्यावर, मोबाइल गुडघ्यावर.
पंधराशेला सुरू.
बत्तीसशेला बाकी सगळे उठले.
उरलो दोघं :
मी, म्हणजे च आणि चार चांदण्या,
आणि तो, स आणि चार चांदण्या.
(नावं झाकतात तिथे, अशी.)

स म्हणजे सुरत, मी ठरवून टाकलं.
हिऱ्यांचा व्यापारी, एसीत बसलेला,
एका हातानं मला झटकणारा.
पाच हजार. साडेपाच.
सात.
शेवटच्या मिनिटाला कुणी बोली लावली
की मुदत तीन मिनिटं वाढते,
म्हणजे संपतच नाही.
अकरा. चौदा.
वत्सला आतून म्हणाली, भरीत गार होतंय.
म्हटलं, सुरतेला एकदा दाखवतोच.
एकोणीस.
अंगठ्याला घाम, काच बोट ओळखेना.
चोवीस हजार पाचशे,
आणि स गप्प.

वर कमिशन, कमिशनवर जीएसटी, वर कुरियर.
गार भरीत खाल्लं, कळण्याची भाकरी
चामड्यासारखी झालेली.
जिंकलो होतो.

आठ दिवसांनी डबी आली.
ट्यूबलाइटखाली धरला : राखाडी.
तिरपा केला : राखाडी.
आणखी तिरपा, तेव्हा कडेचं काहीतरी निळं
डोळा मारून गेलं.
नाकाशी नेला, सवयीनं.
रुपयाला वास नव्हता.

मग बसस्टँडवर सुभान तडवीकडे गेलो.
घड्याळं दुरुस्त करतो, चांगलं भिंग गावात त्याच्याचकडे.
त्यानं भिंग डोळ्याला लावलं
आणि तसाच राहिला.
म्हणाला, कानामागं ओरखडा आहे.
रुपया अजून उलटा होता, छाप खाली.
म्हणाला, चोवीस पाचशे.
आकडा मी सांगितला नव्हता.

भिंतीवर सतरा घड्याळं, सतरा वेळा.
सुभान.
स.

"अन् च म्हंजे मले वाटलं चेन्नई, भाऊ.
म्हटलं मोठी पार्टी व्हय, हिले सोडाचं नाही."

त्याच्या टपरीपासून माझं घर चालत सहा मिनिटं.
बत्तीसशेपर्यंत त्या रुपयाला किंमत होती.
पुढचा सगळा रंग
आम्ही एकमेकांवर चढवलेला.

हसलो, पण नंतर. आधी त्यानं चहा सांगितला,
तो येईपर्यंत कुणी बोललं नाही.
सव्वाचारला टपरीत ऊन शिरतं, आडवं,
टेबलावर चार बोटं.
सुभाननं रुपया त्यात सरकवला.
फोटोइतका नाही. फोटोच्या निम्मासुद्धा नाही.
पण जांभळा होता.
ऊन उतरेपर्यंत दोन गिऱ्हाइकं परत गेली.

शुक्रवारपर्यंत ठेवू का, म्हणाला.
ठेव.

आता आधी ठरवून घेतो, कोण लावणार.
गेल्या रविवारी दुअन्नी होती, त्याची पाळी.
आठशेला थांबायचं, दोघांनी शपथ घेतलेली.
नऊशेला फोन आला :
"म आणि चार चांदण्या. मुंबई का रे?"
मी म्हटलं, मुक्ताईनगरसुद्धा असेल.

मुदत तीन मिनिटांनी वाढली.
फोन दोघांनीही ठेवला नाही.