एका दमाची काच

दर वर्षी नाताळाआधीच्या शेवटच्या पाळीला
व्रातिस्लाव उरलीसुरली काच नळीच्या टोकावर घ्यायचा
आणि फुंकायचा. एकदाच. एका दमात.
जेवढा फुगेल तेवढा गोळा.
मी मेणाच्या पेन्सिलीने त्यावर साल घालून
स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडायचे.
कशासाठी, असं कुणी विचारलं नाही.
नोव्ही बोरमध्ये खिडकीत काच असतेच.

पहिला, लग्नाच्या वर्षीचा, भोपळ्याएवढा.
त्यात आमची मांजर मावली असती,
तिने प्रयत्नही केला.
मग काही वर्षं कोबीचे गड्डे. मग सफरचंदं.
गेल्या डिसेंबरचा: बदकाचं अंडं.

"काच गार होती," तो म्हणाला.
त्याच्या आदल्या वर्षी वाळू वाईट होती,
त्याच्याही आदल्या वर्षी मी दार उघडं टाकलं होतं.
काचेवर काहीही ढकलावं, ती उलटून बोलत नाही.
चहाडी केली ती जिन्याने:
बावीस पायऱ्या, आणि अकरावीवर
खिडकीतून काहीतरी बघायला तो थांबायचा.
तिथून फक्त शेजाऱ्यांची कोळशाची कोठी दिसते.

डॉक्टर शेबेस्तोव्हांनी त्याच्या हातात पुठ्ठ्याची नळी दिली.
आयुष्यभर नळी फुंकलेल्या माणसाला!
तो हसला, आणि हसण्याचाच खोकला झाला.
यंत्रावरची रेघ चढली न चढली तोच
ओल्या काडीसारखी कलली.
"फुप्फुसांच्या टोकाला द्राक्षांसारखे बारीक फुगे असतात.
धुराने त्यांच्या भिंती विरल्यात,
चार-चारांचा मिळून एकेक झालाय."
"मोठे झाले, म्हणजे चांगलंच की."
"फुटलेल्या फुग्याचं तुम्हाला मी काय सांगू?
गेलेत ते येणार नाहीत.
उरलेले राखायचे की नाही, ते तुमच्या हातात."
त्याने हाताकडे पाहिलं.
हात खिशातलं पाकीट चाचपत होता.

पहिले तीन दिवस त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.
त्याने पाकीट भट्टीवरच्या पोराला दिलं,
तासाभराने मागून घेतलं, पुन्हा दिलं.
खोकला कमी व्हायचा तर वाढला.
आतली झोपवलेली लव जागी होऊन झाडू मारतेय, म्हणे.
मारू दे. पण पहाटे चारला?

पंधराव्या दिवशी पावाचा घास तोंडात धरून तो थबकला.
"यात शहाजिरं घालायला लागलीस कधीपासून?"
एकतीस वर्षांपासून, व्रातिस्लाव.

मार्चमध्ये एका रात्री त्याचे पाय माझ्या पोटऱ्यांना लागले
आणि मी दचकले नाही.

उजव्या हाताच्या दोन नखांचं पिवळं मात्र हटेना.
मुळाशी गुलाबी रेघ उगवली,
आणि इतक्या सावकाश वर सरकली
की आमच्या इथलं वसंतही तिच्यापुढे घाईत वाटावं.

जूनमध्ये भाऊ गेला, ओल्ड्रिख.
दफनभूमीच्या भिंतीआड त्याने दोन ओढल्या.
घरी येऊन, मी न विचारता, सांगितलं.
मी दम दिला नाही. "दम धर," म्हटलं,
आणि तोंडातून निघाल्यावर तो शब्द
मलाच नव्याने ऐकू आला.
ऑगस्टमध्ये शेवटची पिवळी चंद्रकोर
मी कात्रीने कापून कोबीच्या वाफ्यात टाकली.

काल शेवटची पाळी होती.
भट्टीच्या उजेडात त्याच्या मानेची शीर टरारली,
पोरं काम सोडून बघत होती.
गोळा आला तो सफरचंदाएवढा. जरा चपटाच.
"या वेळी काच गरम होती," तो म्हणाला.
असेल.

भोपळ्याशेजारी मी तो ठेवला नाही.
अंड्याशेजारी ठेवला.

रात्री वर येताना तो अकराव्या पायरीवर थांबला.
माझ्या पोटात धस्स झालं.
त्याने नुसतंच बोट केलं:
शेजाऱ्यांच्या कोठीवर, ताज्या बर्फात,
एक कोल्हा उभा होता,
तोंडातून वाफ सोडत.