सूर, फोल्डर मोडताना

शुक्रवार. प्लांटला सुट्टी नसते, मला आहे.
एसी बादलीत टपटपतोय
आणि मी टॅबच्या पोटातले फोल्डर मोडायला बसलोय.

गावाचं नाव सूर. वृंदा अजून फोनवर विचारते,
"लागला का सूर?"
अकरा वर्षं झाली. मी म्हणतो, लागेल.

अकरा वर्षांचेच फोल्डर.
'घर', 'काम', 'बँक', 'कागद'.
'घर'मध्ये 'घर नवीन', त्यात 'घर नवीन २',
त्यात एकुलता एक फोटो: लादीचा,
चिपळूणच्या दुकानदाराने पाठवलेला,
जी लादी आम्ही घेतलीच नाही.

शोधत होतो आईच्या डोळ्याचं बिल.
'बँक'मध्ये असायला हवं, पैसे मी पाठवले.
'कागद'मध्ये असायला हवं, कागदच आहे तो.
निघालं 'काम'मध्ये.
रात्रपाळीत, पंप नंबर तीन थरथरत असताना
उभ्या उभ्या उतरवून घेतलेलं,
अंगठा पडला तिथे ते पडलं.

हमदला सांगितलं तर हसला.
त्याचा आजा याच खाडीवर गलबतं बांधायचा,
नकाशा नाही, वही नाही, सगळी मापं दोरीच्या गाठींत.
म्हणाला, "दिवसभर तू वाचतोस काय? टॅगच ना?"

खरंच की.
समुद्र आत घेणाऱ्या पहिल्या व्हॉल्व्हपासून
गोडं पाणी गावाला सोडणाऱ्या शेवटच्या मीटरपर्यंत
ज्याच्या त्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, तारेने आवळलेला.
पीटी चारशे बारा. एफव्ही एकतीस.
खारी हवा आकडे खाते, मग मी बोटाने वाचतो.
आणि एकेकावर आणखी दोन-तीन:
तपासला, हिरवा.
गळतोय, पिवळा.
लाल म्हणजे माणूस आत आहे, हात लावू नका,
त्यावर माझं नाव, माझा फोटो, खाली माझं कुलूप.
व्हॉल्व्ह जागचा हलत नाही.
बिल्ले हवे तेवढे.

तर बिलाला लावले: आई. पैसे. डोळे.
आणि कुणी विचारलं नसताना, रात्रपाळी.

मग हात थांबेना.
लादीला: घर, नापसंत, चिपळूण.
पगाराच्या पावतीला: लोन, केतकीची फी, उशीर.
वृंदाला दाखवलं, ती म्हणाली,
"एक ना धड, भाराभर चिंध्या."
असेल. पण चिंधी बांधलेलं बोचकं
अंधारातही हाताला कळतं.

केतकीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ आला समोर.
केतकी. शाळा. कोळीण.
जरा थांबून एक नवा लिहिला: मी नव्हतो.

तो लिहायला नको होता.
कारण मग भावाचं लग्न त्यात गेलं,
स्लॅब पडला ती सकाळ,
बाबांच्या दहाव्याला पिंडाभोवती ताटकळलेले सगळे,
स्कूटीवरून पडलेली वृंदा आणि तिचा प्लास्टरवरचा गणपती.
कुठल्याच फोल्डरात हे एकत्र नव्हते,
वेगवेगळ्या भिंतींआड गुपचूप बसले होते.
आता एका बोटाने हाक मारली की
दोनशे चौदा जण उठून उभे राहतात.

घाबरून तो टॅग पुसायला गेलो.
टॅबने सांगितलं: टॅग जाईल, फायली राहतील.
फोल्डर उडवला तर आतलं सगळं जातं,
बिल्ला तोडला तर व्हॉल्व्ह राहतो, नुसता बिननावाचा.
नको म्हटलं. राहू दे.

शेवटी उरला तो ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा.
आई काळ्या चष्म्यात, तोंडात कसलीशी गोळी,
माझ्याच हाताने टिपलेला व्हिडिओ कॉल.
वर कोपऱ्यात काडेपेटीएवढा मी,
हेल्मेटसकट, मागे पंप नंबर तीन.
मी नव्हतो, असं लावलं.
काढलं.
परत लावलं.
आई चष्म्याआडून कुठे बघतेय ते कळत नाही,
कदाचित कोपऱ्यातच.

बादली भरत आलीये, उठायला हवं.
उठण्याआधी त्या फोटोला
कामावरचा लाल बिल्ला लावून टाकला:
माणूस आत आहे.
हात लावू नका.