तोंड पुढे

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज बरोब्बर बसली होती:
ट्रेलर बावीसशे पौंड, रॅम्बलर अठ्ठावीसशे,
आणि आमची मध्यम बांध्याची एसयूव्ही ओढते पाच हजार.
हातचा काही उरत नव्हता.
माझ्या सासऱ्याने, थेयरने, कागद पाहिला,
चष्मा पुसला,
बोलला नाही.
कुणी विचारलंही नव्हतं.

लायसन्स मार्चमध्ये गेलं त्याचं, घर जूनमध्ये.
"गाडी येणार असेल तर येतो," एवढंच म्हणाला.
आणि गाडी तर सुरूच होत नव्हती.
कोठारात भिंतीकडे तोंड करून अकरा वर्षं उभी,
रुसलेल्या पोरासारखी.
वेस्लीने आणि मी तिला शेपटीकडून ट्रेलरवर ओढली,
जशी आली तशी बांधली.
भाड्याच्या पावतीवर, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत होतं:
गाडीचं तोंड पुढे.
पावती उलटून कोण वाचतं?

वेस्ली खाणीवर परत गेला. निघालो आम्ही दोघंच.
नेब्रास्काभर ती गुण्यागोविंदाने आली.
लॅरमी सुटलं आणि वारा लागला.
वायोमिंगमध्ये वारा सुटत नाही, तो असतोच;
आपण त्याच्या वाटेत येतो.

उतार होता. काटा पासष्टवर.
शेजारून गुरांचा ट्रक गेला
आणि मागून कुणी दंडाला धरून हलवावं तसं
एकदा डावीकडे,
एकदा उजवीकडे, जरा जास्त,
मग पुन्हा डावीकडे, आणि आता
कोण ओढतंय आणि कोण ओढलं जातंय
हे ट्रेलर ठरवायला लागला.
माझा पाय ब्रेककडे निघाला होता.

"ब्रेक नको."
सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य.
"पाय काढ. स्टिअरिंग सरळ धर. काही करू नकोस."

काही न करण्याचं वजन
आमच्या बेरजेत धरलेलं नव्हतं.
साठ. पंचावन्न. आरशात रॅम्बलरचं बूड
नाही नाही म्हणणाऱ्या मानेसारखं हलत,
कमी हलत,
पन्नासला थांबलं.

विश्रांतीच्या थांब्यावर माझे गुडघे उतरायला तयार नव्हते.
"इंजिन मागे राहिलंय," तो म्हणाला, "हुकवर भारच नाही.
उलटी चढवलीत तुम्ही."
"मग तेव्हा का नाही बोललास?"
"तुम्ही मोजत होतात."

पिकअपमधून एव्हारिस्तो आणि त्याचा पुतण्या आले,
पेरूहून आलेले मेंढपाळ, मागे एक भिजका कुत्रा;
एक नर्स आली, रॉक स्प्रिंग्सला ड्यूटीवर निघालेली, घड्याळ बघत.
"वाऱ्याकडे पाठ करून लाव ट्रेलर," थेयर म्हणाला,
"फुकटचा गडी मिळतोय."

आत बसून स्टिअरिंग कुणीतरी धरायला हवं होतं.
कुणी काही म्हणालं नाही.
त्याने शर्टाच्या खिशातून चावी काढली.
नुसतं ढकलायचं तर चावी लागत नव्हती.
त्याने ती लावलीच.

फळ्यांवरून गाडी खाली आली, मग आम्ही चौघं ढकलत,
मेंढपाळ आपसांत त्यांच्या भाषेत हसत,
आणि तो, कोपर खिडकीबाहेर,
रिकाम्या आवारात डावीकडे वळताना
हात काढून इशारा देत होता.
बॅटरी मेलेली. नियम तो नियम.
अर्धं वर्तुळ. साठेक पावलं असतील.
मग नाक वर, फळ्या करकरल्या,
वाऱ्याने खरंच खांदा दिला.

पट्टे आवळून झाले तरी तो उतरेना.
नर्स गेली. मी सगळे पट्टे
पुन्हा एकदा आवळले.

आता हुक जरा दबला होता, आमचे दिवे जरा आभाळाकडे.
आरशात इतका वेळ पाठ दिसत होती;
आता दोन गोल डोळे, क्रोमचे ओठ,
आपल्याच मागोमाग येणारा एक चेहरा.
"पन्नास," थेयर म्हणाला. "पंचावन्न नको."

रात्री वेस्लीचा फोन आला. कसा झाला प्रवास?
थेयर समोरच बसला होता, सूप फुंकत.
मी म्हटलं, वारा होता.