लवंग

फोशानच्या मासळीबाजारात पहाटे तीनला
खुआंगचा ट्रक उलटा येत थांबतो.
टाकीत हेकरू, झानजियांगपासून सहा तास,
कुशीवर कललेले, कल्ले तेवढे हलतात.

‘काय घातलंयस?’
‘लवंगेचं तेल. बाकी काही नाही.’
आणि तोंड उघडून दाखवतो: दाढेत लवंग,
गेल्या मंगळवारपासून.
‘मी मेलो का, ओउयांगबाई?’

मी वहीत विचारत लिहिते. पाणी किती, थेंब किती, कधी टाकले.
थेंब त्याला आठवत नाहीत.
‘अंदाजानं,’ म्हणतो, ‘कालवणात मीठ घालतो तसं.’

नव्या पाण्यात हेकरू एकेक करून शुद्धीवर येतात,
काचेला तोंड लावतात.
एक गिऱ्हाईक आत्ताच म्हणतंय, वा, काय ताजा!
मासा जागा झाला खरा;
त्याच्या मांसात अजून काय झोपलंय
ते काचेतून दिसत नाही.

म्हणून एक मी उचलते.
पिशवी, बर्फ, लाख, सही.
निकाल येईतो बाकीचे इथंच. विकायचे नाहीत.
खुआंग चिडतो, शेपट्या मोजतो, पुन्हा मोजतो,
मग पायरीवर बसून
गालावर तळहात दाबून धरतो.

माझ्या पिशवीत लवंगांची पुडी असते, आईची सवय.
त्यातली एक त्याला देते.
तो तोंड वेंगाडून हसतो:
‘हिची नोंद?’

मी घड्याळ बघते
आणि खरंच लिहिते:
लवंग, एक. पहाटे चार वाजून दहा.