दुसऱ्या पेरापर्यंत

खिरेकाकूंनी किल्ली देताना
पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं होतं:
पाणी सकाळी सातच्या आत.
दुपारी हात लावायचा नाही.
अनंताच्या मातीत बोट खुपसून बघायचं,
दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं लागलं, तर माघारी फिरायचं.

मी परभणीचा. चव्वेचाळीस अंशांत
शाळेच्या पत्र्याखाली बेरजा केलेला माणूस.
पुण्याच्या चाळिशीला काय घाबरायचं,
असं धायरीच्या या चौथ्या मजल्यावर
दोन उन्हाळे म्हणत आलो होतो.

आज सातला जागच आली नाही.
अडीचला त्यांचं दार उघडलं, तर
अख्ख्या गच्चीने मान टाकलेली.
जास्वंदीची पानं ओल्या पंचासारखी लोंबत होती,
जर्बेरा वाकून स्वतःच्याच कुंडीत बघत होता.
सदाफुली तेवढी नेहमीसारखी निर्लज्ज.

गुरुवार. म्हणजे नळ कोरडा.
बादलीत तांदूळ धुतलेलं, एसीतून ठिबकलेलं
जेमतेम चार तांबे पाणी.
कागद आठवला. तरी तांब्या उचललाच.

मग बोट खुपसलं.
पहिलं पेर: भाजलेलं खापर.
दुसरं पेर:
माठाखालच्या वाळूसारखं गार.

तहान नव्हतीच ती.
उन्हाला अंग कमी दाखवायचं, एवढंच.
आमच्याकडे म्हशी भर दुपारी
अशाच खाली मान घालून बाभळीखाली उभ्या असतात.
त्यांना कुणी आजारी म्हणत नाही.

तेवढ्यात फोन. काकू, बावधनहून, लेकाच्या घरून.
खुब्याच्या ऑपरेशनला एकविसावा दिवस.
"अनंताने मान टाकली का रे?"
टाकलीय.
"पाणी घातलंस?"
नाही.
बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.
"इथे मी जरा डोळे मिटले
की सूनबाई ग्लास घेऊन उभी.
चांगली आहे रे पोर. पण सारखा ग्लास."

जर्बेराची कुंडी टाकीच्या सावलीत सरकवली.
काकूंची जुनी चादर दोरीवर आडवी बांधली.
तांब्या बादलीत सोडला
आणि उंबऱ्यावर बसून राहिलो.
शेजारी माझ्या घरात लॅपटॉप एकटाच मीटिंगला बसला होता.

साडेसहाला सिंहगडाकडून वारा सुटला.
मग जास्वंदीचं एक पान, शेंड्याजवळचं,
मग त्याच्या खालचं.

अनंताने मान कधी वर केली, ते मात्र
एवढा टक लावून बसलो होतो तरी
मला दिसलं नाही.