कोणालाही सांगू नका

पंचायतीत तारेचं नेट,
मोबाइलला रेंज मात्र मामा तलावाच्या पाळीवर.
म्हणून बेबीनंदा मडावीचा फोन घेऊन
सुगत तिकडं,
आम्ही दोघं इकडं, कॉम्प्युटरपाशी.

पासवर्ड झाला. मग पडद्यावर उमटलं :
सहा आकडे पाठवले आहेत,
कोणालाही सांगू नका.

"आला वो मावशीऽ!" पोरगं पाळीवरून ओरडलं,
"च्यार… शून्य… नऊ…"
मधेच कोणाची तरी म्हैस हंबरली.
निंदणाऱ्या बायांनी बांधीतून माना वर काढल्या,
एकीनं चिखलाचा हात तोंडाशी धरून
उरलेलं पुढं पोचवलं :
"सात मंते! मंग दोन! मंग परत दोन!"

वेळ संपली. पुन्हा पाठवा.

तिसऱ्या खेपेला लागलं एकदाचं.
बेबीनंदानं कपाळ पुसलं.
"आता माह्यं खातं कोनी उघडनार नाही न भाऊ?"
नाही, म्हटलं मी,
खिडकीबाहेर न बघता.

संध्याकाळी दळण ठेवायला गेलो
तर चक्कीवाले रामटेके
पट्टा थांबवून, पिठाळ कान खाजवत
माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले :
"तिन्ही येळचे आकडे आयकले मी.
पन कोनालेच नाही सांगतलं."